एकाच दिवसात दाढेवर कॅप: आईसाठी करून घ्यावी का?

केळीची बाग

नमस्कार मंडळी. दातांच्या कॅपबद्दल सल्ला हवा आहे, थोडं सविस्तर लिहिते.

आई ६४ वर्षांची. गाव यावल तालुक्यात, मी पुण्याला नोकरीत. तिची डावीकडची खालची दाढ गेल्या पावसाळ्यापासून दुखत होती. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. एका रात्री गाल सुजला तेव्हा भावाने जळगावला नेलं. रूट कॅनॉल झालं, त्याला तीन खेपा लागल्या. कांदेबाग केळीची लावणी तोंडावर असताना भावाने प्रत्येक वेळी एक अख्खा दिवस मोडला.

आता दाढेवर कॅप बसवायची आहे. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक नेहमीचा: माप द्यायचं, तात्पुरती कॅप घालून घरी जायचं, आठ दिवसांनी लॅबमधून कॅप आली की परत यायचं. साडेचार हजार. दुसरा: तोंडात कॅमेऱ्याने स्कॅन, तिथेच मशीनवर कॅप तयार आणि दोन-अडीच तासांत बसवून मोकळं. चौदा हजार.

पैशांची सोय होईल. प्रश्न टिकण्याचा आहे. अडीच तासांत झालेलं काम कच्चं राहत नाही ना? आईला साखरही आहे, गोळ्यांवर आटोक्यात असते. तिला विचारलं तर म्हणाली, "तुले जे करायचं ते कर, पन मले पुन्हा पुन्हा नेऊ नको."

अनुभव असलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया लिहा.

तापीकाठ

ताई, स्पष्ट सांगतो, घाई कशासाठी? माझ्या वडिलांनी चोपड्याला मेटलची कॅप बसवली त्याला बावीस वर्षं झाली. वडील आजही शेंगदाणे फोडतात त्या दाढेने. तेव्हा आठवडाभर थांबले होते, काही बिघडलं नाही. साडेनऊ हजार जास्त देऊन मिळणार काय, तर एक खेप कमी. त्या पैशात आईला वर्षभर दूध-तूप येईल.

निंबाचा पार

वाचतोय. माझ्याही दाढेचा हाच निर्णय अडकलाय.

भुसावळचा दंतवैद्य

मी भुसावळला प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे हे मशीन नाही, त्यामुळे विकायचं काही नाही. जे माहीत आहे ते लिहितो.

आधी एक गैरसमज. 'एका भेटीत' म्हणजे फक्त कॅप. सूज, पू, रूट कॅनॉल, दाढ शांत होणं हे सगळं त्याआधीचं आणि त्याला जितका वेळ लागायचा तितका लागतोच. ताई, तुमच्या आईचा तो भाग पूर्ण झालाय आणि दाढ चावताना दुखत नाही, ही पहिली खात्री करून घ्या. दुखत असेल तर कुठलीच कॅप बसवू नका.

दाढ चारी बाजूंनी घासून बारीक करणं दोन्हीकडे सारखंच आहे. कॅपच्या जाडीला जागा लागते, चावायच्या बाजूने साधारण दीड मिलिमीटर, कधी थोडी जास्त. वेगळेपण त्याच्या पुढे सुरू होतं. जुन्या रीतीत पुट्टीने माप घेतात, त्यात प्लास्टर ओतून लॅबवाले तुमच्या दाढेची हुबेहूब प्रतिकृती करतात आणि तिच्यावर कॅप घडवतात. नव्या रीतीत जाडसर ब्रशासारखा कॅमेरा तोंडात फिरवतात. तो भराभर चित्रं घेतो, संगणक ती जोडून पडद्यावर दाढ उभी करतो. समोरचा दात, शेजारचे दात, चावा, सगळं दिसतं. त्यावर डॉक्टर कॅपचा आकार ठरवतो. मग खारकेएवढा सिरॅमिकचा ठोकळा मशीनमध्ये लावायचा. हिऱ्याची भुकटी बसवलेल्या बारीक सुया पाण्याच्या फवाऱ्यात त्यातून कॅप कोरून काढतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

पुढचं ठोकळ्यावर अवलंबून. लिथियम डायसिलिकेट नावाचं सिरॅमिक कोरताना जांभळट असतं आणि तेव्हा ते कच्चं असतं. ८५० अंशांच्या आसपास भट्टीत वीस-पंचवीस मिनिटं राहिलं की दाताचा रंग येतो आणि ताकदही येते. आईला सांगून ठेवा, नाहीतर जांभळा दात पाहून घाबरतील. झिरकोनिया त्याहून मजबूत, पण तो १५०० अंशांच्या पट्ट्यात भाजावा लागतो आणि भाजताना सुमारे २० टक्के आक्रसतो. म्हणून मशीन त्याला आधीच मोठा कोरते. पूर्वी ही भाजणी बरेच तास चालायची. आता वेगवान भट्ट्या आल्यात, त्यामुळे एका दाढेची झिरकोनिया कॅपही त्याच बैठकीत होऊ शकते.

तेव्हा 'लवकर झालं म्हणून कच्चं' असं नाही. भट्टीचं तापमान कोणासाठी घाई करत नाही. कच्चेपणा येतो तो दाढ घासण्यात, हिरडीजवळच्या कडेत आणि चिकटवण्यात. तो आठ दिवसांच्या कॅपमध्येही येतो.

साखरेबद्दल. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी चुकवू नका, पिशवीत खायला काहीतरी ठेवा. हिरडी सुजलेली असेल तर आधी दात साफ करून आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. रक्ताच्या थेंबाखाली कॅमेऱ्याला कड दिसत नाही.

तापीकाठ

डॉक्टर, माहितीबद्दल आभार. पण माझा मुद्दा तिथेच आहे. दोन्ही चांगल्या, तर महाग का घ्यायची?

धडगावचा मास्तर

तापीकाठ भाऊ, मला तुमच्याशी भांडायचं नाही, पण एक हकिगत सांगतो.

मी सातपुड्यातल्या अक्राणीत शिकवतो. आमच्या पाड्यावरची एक बाई, माझ्या वर्गातल्या मुलीची आई, दाढ धरून बसायची. मीच तिला नंदुरबारला घेऊन गेलो. इथून घाटातली एसटी, अडीच-तीन तास जायला, तितकेच यायला. दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी. रूट कॅनॉल झालं. दाढ घासली, माप घेतलं, तात्पुरती कॅप घातली, "पुढच्या मंगळवारी या" म्हणून सांगितलं.

पुढच्या मंगळवारी ती गुजरातेत ऊसतोडीला गेलेली होती. मुकादम तिच्या दाढेसाठी थांबणार नव्हता. तात्पुरती कॅप फडातच कुठेतरी पडली. घासलेली दाढ तशीच उघडी घेऊन तिने तिथे पूर्ण हंगाम काढला. होळीला परत आली तेव्हा दाढ मधोमध उभी चिरली होती. काढावी लागली. रूट कॅनॉलचे पैसे गेले, दाढही गेली, आणि कॅप लॅबमधून येऊन दवाखान्याच्या खणात पडून होती.

ती कॅप उत्तमच असेल, मी वाईट म्हणत नाही. पण ती बसलीच नाही. आठ दिवस थांबणं तुम्हा-आम्हाला जमतं, सगळ्यांना जमत नाही.

तापीकाठ

मास्तर, हा विचार खरंच मी केला नव्हता. खणात पडलेली कॅप डोळ्यांसमोरून जात नाहीये.

पण मग पुढचा प्रश्न उरतोच. त्या बाईला चौदा हजार कोण देणार होतं?

धडगावचा मास्तर

कोणी नाही. बरोबर आहे तुमचं. धुळ्याच्या डेंटल कॉलेजात खर्च कमी येतो, पण तिथे मुलं शिकत शिकत करतात, खेपा जास्त होतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे खेपाही नाहीत. हे मशीन खरं तर अशा कॉलेजांत आणि सरकारी दवाखान्यांत पहिल्यांदा पोचायला हवं. शहरात दोन गल्ल्या ओलांडून येणाऱ्याला आठ दिवसांनी पुन्हा यायला काही वाटत नाही.

सातपुडा पायथा

+१. माझी आजी तळोद्याहून धुळ्याला कवळीच्या मापासाठी पाच वेळा गेली. पाचव्या वेळी म्हणाली, आता दात आले तरी नको.

अमळनेरची लेक

मी वेगळा अनुभव लिहिते, कारण मी हीच एका दिवसातली कॅप केली होती आणि पस्तावले. दवाखान्याचं नाव घेत नाही.

खालची शेवटून दुसरी दाढ. सकाळी अकराला बसले, दीडला कॅप तोंडात. दिसायला इतकी सुंदर की आरशात बघतच राहिले. चार महिन्यांनी वरणबट्टी खाताना काहीतरी कडक लागलं, बाहेर काढलं तर कॅप. काडेपेटीत घालून घेऊन गेले. चिकटवून दिली. सहा आठवड्यांनी परत निघाली, या वेळी साध्या पोळीत. मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उरलेली दाढच फार बुटकी आहे, कॅपला धरायला काही नाही, शिवाय कडेला कीड सुरू झाली आहे. हे पहिल्या दिवशी कोणी का नाही सांगितलं? वेळ वाचतो एवढंच सांगितलं गेलं. मी सुद्धा तेवढंच ऐकलं.

भुसावळचा दंतवैद्य

अमळनेरच्या ताई, तुमचं दुःख समजतं. यात मशीनपेक्षा निवड चुकली असं मला वाचून वाटतं. प्रत्यक्ष न बघता यापुढे जाणार नाही.

कॅप दोन गोष्टींवर टिकते. उरलेल्या दाढेचं खोड उंच असेल आणि बाजू फार निमुळत्या नसतील तर कॅप टोपीसारखी घट्ट बसते. खोड बुटकं असेल तर सगळा भार चिकटवण्यावर येतो. लिथियम डायसिलिकेटसारख्या सिरॅमिकची कॅप अशा वेळी नुसती सिमेंट भरून दाबायची नसते. आतून आम्लाने खरखरीत करायची, सिलेन नावाचं पकड वाढवणारं द्रव लावायचं, मग रेझिन सिमेंट. हे सगळं चालू असताना दाढ कोरडी हवी. खालच्या मागच्या दाढेला जीभ, गाल आणि लाळ तिघेही त्रास देतात. म्हणून रबराचा पडदा लावतात, रबर डॅम. एक लाळेचा थेंब मधे आला तर पकड जाते, आणि ते त्या दिवशी कळत नाही, चार महिन्यांनी बट्टी खाताना कळतं.

बुटक्या खोडाला आधी आतून भराव घालून उंची वाढवता येते, कधी हिरडी थोडी खाली घ्यावी लागते. तेव्हा मात्र 'एका दिवसात' हा हट्ट सोडावा लागतो.

शेवभाजी जिंदाबाद

बट्टीचं नाव निघालंच आहे तर विचारतो. कॅप बसवल्यावर बट्टी, कळण्याची भाकरी, भाजलेले हरभरे हे सगळं चालतं का? आमच्या घरी दर रविवारी वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी असते. डॉक्टरांनी बंदी घातली तर माझे सासरे दाढ काढून घेतील पण बट्टी सोडणार नाहीत :)

भुसावळचा दंतवैद्य

बट्टी वरणात कुस्करून तुपात भिजवून खायची असते, ती चालते. पहिले २४ तास त्या बाजूने कडक आणि चिकट नको. नंतर भाकरी, भरीत, शेवभाजी सगळं खा. सुपारी, बर्फ आणि दाताने बाटलीचं झाकण उघडणं मात्र कायमचं सोडा. ज्यांना रात्री दात खायची सवय आहे त्यांनी डॉक्टरला आधीच सांगा.

डोंगरगावची सून

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. बट्टीवरून आठवलं, तुम्ही बट्टी उकडून तळता की गोवऱ्यांवर भाजता? आमच्याकडे शेतात भाजलेलीच.

शेवभाजी जिंदाबाद

घरी उकडून तळतो, शेतात भंडाऱ्याला गोवऱ्यांवर. दोन्हींची चव वेगळी, दोन्ही हव्यात.

मन्हा खान्देस

माले बी दोन साल पह्यले अशीच कॅप बसाडी दिन्ही. सकायले गऊ, दुपारले घर. आजलोंग काही तकलीफ नही. पन एक गोट ध्यानमा ठेवा भो, मशीन हुशार शे, पन मशीनम्होरे बठेल मानूस त्यानाथून हुशार पाहिजे.

लॅबमधला माणूस

धागा दोन दिवस वाचतोय. मन्हा खान्देस भाऊंनी माझ्या मनातलं लिहिलं, म्हणून मीही लिहितो. मी अठरा वर्षं जळगावात डेंटल लॅबमध्ये काम करतो. मेण लावणं, ओतकाम, सिरॅमिकची भुकटी ब्रशने थरावर थर चढवून भाजणं, यात माझं आयुष्य गेलं. या मशीनने आमच्या पोटावर पाय येईल असं सुरुवातीला वाटायचं. चाळिशीत मी संगणकावर दात रेखायला शिकलो. आज लॅबमध्येही झिरकोनिया मशीनवरच कोरला जातो. तेव्हा 'हाताची कॅप विरुद्ध मशीनची कॅप' हे भांडण जुनं झालंय. दवाखान्यात कोरायची की लॅबमध्ये, एवढंच उरलंय.

पुढचे दात असतील तर मी म्हणेन, लॅबला पाठवा. एका ठोकळ्यातून कोरलेल्या दाताला साधारण एकसारखा रंग असतो, छटा असलेले ठोकळे मिळतात पण शेजारच्या खऱ्या दाताशी तंतोतंत जुळवायला हात लागतो. पटाशीच्या दाताची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात, मुळाशी पिवळसर. ते थर चढवूनच येतं. दाढेला त्याची गरज नाही. दाढ बघायला कोण वाकतं?

आता जी गोष्ट बाहेर कोणाला दिसत नाही ती सांगतो. आमच्याकडे दवाखान्यांतून मापं येतात. त्यातल्या कितीतरी मापांत हिरडीजवळची कड फाटलेली असते, हवेचा बुडबुडा असतो, कधी कड उमटलेलीच नसते. मी फोन करतो, "डॉक्टर, माप पुन्हा घ्या." तिकडून उत्तर येतं, "पेशंट चाळीस किलोमीटरवरून येतो, चालवून घ्या." मग मी अंदाजाने कड काढतो. त्या अंदाजाच्या कडेखाली पुढे अन्न अडकतं आणि कीड लागते. पेशंटला वाटतं कॅप खराब होती.

स्कॅनमध्ये तीच कड डॉक्टरला पडद्यावर दहापट मोठी दिसते. पेशंट अजून खुर्चीत असतो. चुकलं असेल तर तिथल्या तिथे घासून, पुसून, पुन्हा स्कॅन करता येतं. माझ्या दृष्टीने एका भेटीचा खरा फायदा हा. वेळ वाचला हे दुय्यम. मापातली चूक चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर उघडी पडते, तेव्हा पेशंट त्याच्या गावी असतो.

ताई, डॉक्टरांना एवढंच म्हणा, "पडद्यावर आईच्या दाढेची कड मला दाखवाल का?" जो आनंदाने दाखवेल त्याच्याकडे करा.

केळीची बाग

लॅबमधले दादा, तुमचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला. एवढी वर्षं आम्ही कॅप म्हणजे डॉक्टरने खिशातून काढलेली वस्तू समजत होतो. मनापासून आभार.

सराफ गल्ली

आमचा पिढीजात सोन्याचा धंदा, म्हणून या धाग्यावर थोडं अवांतर. आमच्या आजोबांच्या वेळी जळगावात सोन्याची कॅप बसवलेली माणसं सर्रास दिसायची. हसले की चमकायचं. लोकांना ते मिरवणं वाटतं, पण सोन्याला दाढेत गुण होता: गंज नाही, आणि समोरच्या दाताला खरवडत नाही. शुद्ध सोनं मऊ म्हणून मिश्रधातू करायचे.

लॅबवाल्या भावांनी मेण आणि ओतकाम म्हटलं तेव्हा ओळख पटली. मेणाचा नमुना, त्याभोवती साचा, मेण जाळून काढायचं, रिकाम्या जागेत धातू ओतायचा. आमच्या कारागिरांची ही हजारो वर्षांची रीत. अमेरिकेत विल्यम टॅगार्ट नावाच्या दंतवैद्याने १९०७ मध्ये ती दातांच्या कामासाठी मांडून दाखवली आणि जगभर दंतवैद्य तशी कॅप ओतू लागले. आता आमच्याकडेही अंगठीचं डिझाईन संगणकावर होतं आणि मेणाचा नमुना मशीन काढून देते. दोन्ही धंदे एकाच वाटेने चाललेत.

फैजपूरचा इंजिनिअर

सराफ भाऊंनी इतिहास काढला म्हणून भर घालतो. दवाखान्यातच कोरायची ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक विद्यापीठात वेर्नर म्योरमान या दंतवैद्याने आणि मार्को ब्रांदेस्तिनी या अभियंत्याने मिळून ते यंत्र केलं, पहिल्या रुग्णावर १९८५ मध्ये वापरलं. तेव्हा पूर्ण कॅप होत नव्हती, दाढेतल्या खड्ड्यात बसणारा सिरॅमिकचा तुकडा व्हायचा. कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून दातावर पांढरी भुकटी फवारावी लागायची. पुढच्या यंत्रांनी पूर्ण कॅप जमवली आणि आताच्या बहुतेक कॅमेऱ्यांना भुकटी लागत नाही.

म्हणजे तापीकाठ भाऊंच्या वडिलांनी मेटलची कॅप बसवली त्याच्या आधीपासून हे चालू आहे.

निंबाचा पार

एक व्यवहारी शंका. कॅप कोरताना मधेच लाईट गेली तर?

भुसावळचा दंतवैद्य

चांगला प्रश्न. ठोकळा अर्धवट कोरला गेला की बहुतेक वेळा वाया जातो, भट्टी मधेच थंड झाली तर सिरॅमिक बिघडतं. ज्याच्याकडे हे मशीन आहे त्याने बॅकअप ठेवलेला असतो, पण उन्हाळ्यात भार वाढला की काही सांगता येत नाही. विचारून घ्या. आणि तसं झालंच तर स्कॅन साठवलेला असतो, दुसरा ठोकळा लावून पुन्हा कोरता येतं.

डोंगरगावची सून

मला मिसरीबद्दल विचारायचंय. आमच्या सासूबाई दिवसातून चार वेळा लावतात. कॅप बसवली की ती काळी पडेल का?

भुसावळचा दंतवैद्य

कॅप काळी पडेल की नाही याची काळजी शेवटी करा. मिसरीने हिरडी खाली सरकते, कॅपची कड उघडी पडते. कॅपला कीड लागत नाही, पण कडेखालच्या खऱ्या दाढेला लागते. रूट कॅनॉल झालेलं असेल तर दुखतही नाही, त्यामुळे उशिरा कळतं. तंबाखूचं बाकी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंना घेऊन या, गालाच्या आतली बाजू तपासून घ्या. कॅपपेक्षा ते जास्त गरजेचं आहे, खरंच सांगतो.

डोंगरगावची सून

घेऊन येते डॉक्टर. या आठवड्यातच.

तापीकाठ

काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, माझी कॅप टिकली कारण त्या डॉक्टरांनी ती तीन वेळा परत पाठवली होती, मनासारखी बसेपर्यंत. मला ते माहीतच नव्हतं, मी तेव्हा शाळेत होतो. तीन वेळा म्हणजे चोपड्याच्या तीन जादा खेपा. सायकलवर.

केळीची बाग

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय. आईची कॅप झाली. तपशील लिहिते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली, रक्त आलं. म्हणाले आज नाही. दात साफ करून दिले, मऊ ब्रश सांगितला, दहा दिवसांनी बोलावलं. म्हणजे एका भेटीच्या कॅपसाठी पहिली भेट अशीच गेली. पण दंतवैद्य काकांचं वाचलेलं असल्याने मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी मी स्वतः पुण्याहून रात्रीच्या गाडीने आले. साडेनऊची वेळ. आई भाकरी-दूध आणि गोळी घेऊन बसली. हिरडीला बधिर केलं, दाढ घासली, दाढेभोवती बारीक दोरा घालून हिरडी बाजूला केली. मग स्कॅन. लॅबमधल्या दादांनी सांगितलं तसं मी विचारलं. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि कड दाखवली. मागच्या बाजूला एका ठिकाणी ती पुसट होती. "थांबा, इथे लाळ आली होती," म्हणाले, पुन्हा कोरडं करून पुन्हा स्कॅन केलं. दुसऱ्या वेळी रेघ स्वच्छ आली.

दाढेची उंची बरी निघाली म्हणून लिथियम डायसिलिकेट घेतलं. कोरून आल्यावर आधी तशीच बसवून पाहिली. आईला आरसा दिला. ती म्हणाली, "जांभळाच्या रंगाचा दात मले बसवता का?" सगळा दवाखाना हसला, आईसुद्धा. भट्टीत असताना आई खुर्चीतून उठली, बाहेर बसून केळं खाल्लं दुसऱ्या बाजूने. मग रबराचा पडदा लावून चिकटवली. निळ्या कागदावर चावायला लावून दोन ठिकाणी घासलं. पावणेएकला बाहेर.

त्या रात्री फोन करते तर म्हणाली, ती दाढ पहिल्यांदा टेकते, बाकीचे दात नंतर. दुसऱ्या दिवशी चावताना ठणकायला लागली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तीन तास तोंड उघडं ठेवून जबडा थकतो, हिरडी बधिर असते, त्यामुळे पेशंटला तेव्हा चावा नीट सांगता येत नाही. या, पाच मिनिटांचं काम आहे. भाऊ पुन्हा घेऊन गेला. केसाएवढं घासलं. ठणका त्या दिवशीच थांबला.

भुसावळचा दंतवैद्य

ताई, फार छान लिहिलंत. नस नसली तरी दाढेभोवती जे तंतू असतात त्यांना दाब कळतो, म्हणून कॅप उंच राहिली की ठणकते. ते पाच मिनिटांचं घासणं टाळणारे लोक महिनोन्‌महिने सहन करतात आणि मग दाढच खराब झाली समजतात. सहा महिन्यांनी एकदा दाखवून या.

धडगावचा मास्तर

ताई, आनंद झाला. एक विचारू? ते शेवटचं घासणं जळगावलाच करावं लागतं, की जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे चालतं? आमच्याकडचं कोणी केलं तर त्याला त्यासाठी पुन्हा घाट उतरावा लागेल म्हणून विचारतोय.

भुसावळचा दंतवैद्य

मास्तर, कुठल्याही दंतवैद्याकडे चालतं. निळा कागद आणि घासायची बारीक हिऱ्याची सुई लागते, शेवटी पॉलिश करायला सांगायचं. तालुक्याला जो असेल त्याच्यासाठी कॅप बसवणाऱ्या डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घ्या: कुठली दाढ, कुठलं सिरॅमिक. तुमच्या पाड्यावरून कोणी येणार असेल तर मला आधी निरोप पाठवा. भुसावळला नको, ज्याच्याकडे मशीन आहे अशा मित्राशी मी बोलतो, पैशांचं तोच काहीतरी बघेल.

धडगावचा मास्तर

आहे एक जण. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या आत करायचं आहे. निरोप पाठवतो.

शेवभाजी जिंदाबाद

केळीची बाग ताई, सगळं लिहिलंत, पण बट्टी खाल्ली का आईंनी?

केळीची बाग

रविवारी. तीन.